इसबगोल की लॅक्ट्युलोज? अधूनमधून पोट अडतं त्यांच्यासाठी

वैशाखातली लग्नसराई, दोन दिवस पुरी-बुंदी, वर एसटीत लघवीची पंचाईत नको म्हणून मुद्दाम कमी प्यायलेलं पाणी. मराठवाड्यात पोट अडायला एवढं पुरतं. पालेभाजी खा, पाणी प्या हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते उगाळत नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढ्या अंतरात कुणाचंही पोट ठीकच मानतात. त्यामुळे एक सकाळ हुकली म्हणून मेडिकल गाठायचं कारण नाही. पण तीन-चार दिवस गेले, खडा झाला, कुंथावं लागतंय, तेव्हा काय घ्यायचं हा प्रश्न खरा.

काउंटरवर 'पोट साफ व्हायचं औषध द्या' एवढंच म्हटलं की हाती काहीही पडतं. सोनामुखीचं चूर्ण आणि बिसाकोडिलची गोळी ही दोन्ही आतड्याला डिवचून काम करतात. रात्री घेतलं की सहा ते बारा तासांत परिणाम, सोबत पोटात कळा. सकाळी सहाची गाडी असेल तर हा हिशोब आधी करावा. बिसाकोडिलची ५ मिलिग्रॅमची गोळी चावायची नाही आणि दुधासोबत किंवा अॅसिडिटीच्या औषधासोबत घ्यायची नाही. तिचं वरचं आवरण जठरातच विरघळलं तर मळमळ आणि कळा वाढतात. एखाद्या रात्रीपुरतं चालेल, पण रोजच्या चूर्णाची सवय मला पटत नाही. एरंडेलही त्याच जातीचं, फक्त आणखी तडकाफडकी. गरोदर बाईला तर देऊच नये.

म्हणजे शांतपणे निवडायचं तर दोघांतच: इसबगोलाचा भुसा आणि लॅक्ट्युलोजचं पातळ औषध.

इसबगोल स्वस्त, जुना, घराघरात विश्वासाचा. आतड्यात पाणी धरून फुगतो आणि मळ मऊ, मोठा करतो. मोठ्या माणसाला दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण ३ ते ५ ग्रॅम, पेलाभर (२५० मिली) पाण्यात ढवळून लगेच प्यायचा आणि त्यावर आणखी एक पेला पाणी. खरी कटकट इथंच आहे. ढवळून दोन मिनिटं फोनवर बोलत बसलात तर पेल्यात खळ तयार होते, ती घशाखाली जात नाही. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी घेणं तर धोक्याचंच, कारण तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. गिळायला त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि अर्धांगवायू झालेल्यांना तो देऊ नये. निजताना कोमट दुधातून घ्यायची रीत सगळीकडे आहे, पण घेतल्याबरोबर आडवं होणं बरं नाही. जेवणानंतर, झोपायच्या बऱ्याच आधी घ्यावा.

आणि दिवसभराचं पाणी? ते नसेल तर भुसा उलटा आतच घट्ट बसतो. वावरात दुपारभर राबणारा माणूस, किंवा आडोसा नाही म्हणून संध्याकाळपर्यंत पाणी टाळणारी बाई, यांना इसबगोल द्यायचा आणि 'भरपूर पाणी प्या' सांगायचं, हे कागदावर ठीक आहे. शिवाय त्याचा परिणाम दिसायला बारा तासांपासून तीन दिवस लागू शकतात. खाली आधीच खडा अडलेला असेल तर मागून आणखी ऐवज ढकलून उपयोग होत नाही, पोट फुगतं तेवढं.

लॅक्ट्युलोजची गंमत म्हणजे ही साखर लहान आतड्यात पचतच नाही. ती मोठ्या आतड्यापर्यंत जाते, तिथले जिवाणू ती फोडतात, पाणी आत ओढलं जातं आणि खडा मऊ होतो. मोठ्या माणसाला सुरुवात १५ मिलीपासून, गरज पडली तर दिवसाला ३० मिली. बाटलीच्या टोपणावर खुणा असतात, त्यानंच मोजावं. घरातला चमचा कधी ५ मिलीचा निघतो, कधी १० चा. दुष्परिणामही त्याच जिवाणूंमुळे: पहिले एक-दोन दिवस वारा सरतो, पोट गुडगुडतं. चव अतिगोड, टोपण चिकट, मुंग्या हमखास. पाण्यात मिसळून घेतलं तर गोडी सोसते.

इथं बहुतेकांची चूक होते ती घाईची. परिणामाला २४ ते ४८ तास लागतात. रात्री घेतलं, सकाळी काही नाही, म्हणून दुपारी दुप्पट घेतलं की तिसऱ्या दिवशी जुलाब. आणि मे महिन्यात अंगातलं पाणी असं घालवणं परवडत नाही. दोन दिवस थांबून मगच मात्रा वाढवावी. पाणी याच्यासोबतही प्यायला हवंच, पण एखाद्या दिवशी कमी पडलं तर घशात बोळा होण्याची भीती नाही. माझा कल लॅक्ट्युलोजकडे झुकतो तो एवढ्यासाठीच. ज्याच्या हाताशी दिवसभर माठ आहे आणि पोट वरचेवर अडतं, त्यानं इसबगोलच धरावा, त्याला माझी ना नाही. मधुमेह्यांनाही इसबगोल सोयीचा. लॅक्ट्युलोजमध्ये थोडी दुसरी साखर असते, म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. इसबगोल आणि इतर गोळ्यांमध्ये मात्र दोनेक तासांचं अंतर ठेवा.

बाटली घेताना लेबल वाचा. दिसायला सारख्याच बाटल्यांत मिल्क ऑफ मॅग्नेशिया, लिक्विड पॅराफिन, कधी सोडियम पिकोसल्फेट अशी पोट साफ करणारी दुसरी औषधंही असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशिया नको. पॅराफिन निजताना नको, ते श्वासनलिकेत उतरू शकतं. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, कोडीनचं खोकल्याचं औषध, दुखण्यावरची ट्रॅमाडोल यांनीही पोट अडतं. तसं असेल तर ती गोळी लिहून देणाऱ्यालाच विचारावं. लहान मुलांना यातलं काहीच मनानं देऊ नये.

आठवडाभर घेऊनही फरक नाही, शौचातून रक्त जातंय, वजन उतरतंय किंवा पन्नाशीनंतर अचानक सवय बदलली, तर डॉक्टर गाठा. पोटात जोराचं दुखणं, उलटी, पोट फुगून वाराही न सरणं, यात तर कुठलंच रेचक घ्यायचं नाही, तडक दवाखाना. आधीच काही घेतलं असेल तर ती पुडी किंवा बाटली सोबत न्या आणि किती, कधी घेतलं ते सांगा.