फुलांचा पत्रा की राखाडी पत्रा? वर्सोव्यातला दहा महिन्यांचा अनुभव

आमचं घर समुद्रापासून दोन गल्ल्या आत. मागच्या एप्रिलात गच्चीवर पावसाळी शेड घातली आणि जिन्याखाली सामानाचं कपाट करून घेतलं. दोन्हीला जीआय पत्राच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला पोलादी पत्रा, पण दोघांची गत निराळी झाली.

शेडचा पत्रा मोठ्या फुलांचा, म्हणजे चकाकत्या नक्षीचा, २७५चा. म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, एका बाजूला साधारण २० मायक्रॉन. दुकानात मी आधी फुलंच बघत होतो. फुलं मोठी म्हणजे जस्त जास्त, असं बरेच जण समजतात, पण तसं नाही. ती जस्त गोठताना पडणारी स्फटिकं. टिकाव ठरतो जस्ताच्या वजनावर, म्हणून आकडाच विचारा.

वरची बाजू फक्त काळवंडली आहे, गंज नाही. त्रास खालच्या बाजूला. तिथे पावसाचं पाणी लागत नाही, त्यामुळे खारं वारं मीठ आणून ठेवतं आणि ते धुतलंच जात नाही. कडेच्या पन्हळीत बोट फिरवलं तर खडूसारखी पांढरी पूड, म्हणजे जस्ताचा गंज, लागते. आता दर महिन्याला साध्या पाण्याने पाइप मारून धुतो. त्यानंतर पूड वाढलेली दिसली नाही.

कपाटाने मात्र मनस्ताप दिला. फॅब्रिकेटरने शेडचाच उरलेला पत्रा वापरला आणि वर थेट ऑइल पेंट मारला. गणपतीपर्यंत दाराला फोड आले. नखाने उचललं तर केळीच्या सालीसारखी अख्खी पट्टी निघाली आणि खालचं जस्त लख्ख! ऑइल पेंटमधल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर बनतो, मग रंग धरणार कसा? अशा पत्र्याला आधी जस्तासाठीचा प्राइमर लागतोच.

दिवाळीनंतर दारं गॅल्व्हनील्ड पत्र्याची केली. दुकानात जीए म्हणतात. जस्तातून काढल्यावर पत्रा पुन्हा तापवतात, त्यामुळे लोखंड जस्तात मिसळतं. फुलं नाहीत, चकाकी नाही, नुसता मंद राखाडी. रंग त्यावर घट्ट बसला आहे, पण अजून पावसाळा बघायचाय. हा पत्रा उघडा ठेवू नका, त्यातल्या लोखंडामुळे तांबूस डाग पडतात.

सगळ्यात समाधान दिलं ते शेडच्या ब्रॅकेटनी. आधी कापून, वेल्ड करून मग अख्खे सुमारे ४५० अंशांच्या जस्तात बुडवून घेतले. पाइपच्या टोकांना भोकं पाडल्याशिवाय कारखान्याने हात लावला नाही: बंद पाइपमधली हवा-वाफ तापून तो फुटू शकतो. दिसायला खडबडीत, कुठे जस्ताचे थेंब लोंबलेले, पण थर पत्र्याच्या कितीतरी पट जाड. दहा महिन्यांत एक डाग नाही.

अपवाद एकच. नंतर जागेवर एक ब्रॅकेट वेल्ड केला, तिथलं जस्त जळलं आणि बोटभर गंजाचा ओघळ आला आहे. येत्या रविवारी तो घासून झिंक-रिच (भरपूर जस्ताची पूड असलेला) प्राइमर लावायचा आहे.