रहस्यकथांचे कपाट : सदाशिव पेठेतील एका वाचनालयाचा वर्षभराचा अनुभव

रहस्यकथा वाचणाऱ्याने वाचनालय निवडताना सर्वांत आधी पुस्तकांची शेवटची पाने जागेवर आहेत की नाहीत, हे पाहावे. सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, दीड खोलीत चालणाऱ्या एका खासगी वाचनालयाची मी गेले वर्षभर सभासद आहे आणि या कसोटीला ते पूर्णपणे उतरले, एवढे आरंभीच नोंदवते. पाने गहाळ होण्याखेरीज या वाचकाला आणखी एक धोका असतो. तो मात्र मला इथेच भोवला. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिते.

मला हव्या असणाऱ्या कादंबऱ्यांना इंग्रजीत कोझी म्हणतात. त्यांत खून होतो, पण पडद्याआड. गाव लहान असते, संशयित सात-आठ आणि सगळे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारे असतात. छडा लावणारी व्यक्ती पोलीस खात्यातली नसते आणि फी घेणारी खासगी गुप्तहेरही नसते. ती निवृत्त शिक्षिका असते, धर्मगुरू असतो, बेकरी चालवणारी बाई असते, आणि तपासाच्या मधल्या वेळात तिला स्वतःचा संसार किंवा धंदा सांभाळावा लागतो. या प्रकाराला वाहिलेले ‘मॅलिस डोमेस्टिक’ नावाचे संमेलन अमेरिकेत १९८९ पासून भरते आणि तिथला ॲगाथा पुरस्कार चक्क चहाच्या किटलीच्या रूपात दिला जातो. एवढ्यावरून त्याची प्रकृती कळावी.

वाचनालयाची मांडणी या वाचकाच्या दृष्टीने सदोष आहे. ‘रहस्य’ अशी पट्टी लावलेल्या दोन कपाटांत नारायण धारपांच्या भयकथा, बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, अमेरिकी हाणामारीच्या जाडजूड कादंबऱ्या आणि माझ्या आवडीच्या खेडवळ खूनकथा हे सारे लेखकाच्या आडनावानुसार, खांद्याला खांदा लावून उभे आहे. हस्तलिखित यादी आहे, परंतु तिच्यात पुस्तकाचा प्रकार नोंदवलेला नाही. ही उणीव भरून काढतात त्या वाचनालय चालवणाऱ्या काकू. पहिल्या दिवशी मी ‘खून हवा, पण मारामारी नको’ असे सांगितल्यावर त्यांनी यादी उघडलीच नाही. शेवटचे कोणते पुस्तक अर्धवट सोडले आणि झोपण्यापूर्वी वाचता का, असे दोन प्रश्न विचारून त्यांनी तिसरा विचारला, ‘गोष्टीत कुत्रं-मांजर मेलेलं चालतं का तुम्हाला?’ या साहित्यप्रकाराची इतकी नेमकी जाण मला मोठमोठ्या दुकानांतही आढळलेली नाही. या कथांत माणसे मरतात आणि मांजर पुढच्या भागात पुन्हा खिडकीत बसलेले असते, हे काकूंना पक्के ठाऊक होते.

त्यांनी दिलेले पहिले पुस्तक मिस मार्पल यांचे होते. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या या वृद्ध नायिकेची पहिली कथा १९२७ मध्ये आणि पहिली कादंबरी १९३० मध्ये आली. एकूण बारा कादंबऱ्यांत त्या भेटतात. त्या सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यात राहतात, विणकाम करतात, बागेत काम करता करता येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवतात आणि आपल्याकडे ज्यांना ‘भोचक’ म्हणतात त्यांत सहज मोडतात. त्यांच्या यशाला बायकी अंतर्ज्ञान म्हणण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. संशयित कितीही बडा असला तरी त्या त्याची सांगड गावातल्या कुणाशी तरी घालतात आणि मग त्याच्या वागण्याचा अदमास बांधतात. हा चाळीस-पन्नास वर्षांच्या निरीक्षणाचा हिशेब आहे आणि तो वाचकासमोर मांडलेला असतो. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी घालून दिलेल्या दहा नियमांतही गुप्तहेराला अकारण सुचलेल्या अंतःप्रेरणेची मदत घेण्यास आणि वाचकापासून धागेदोरे लपवण्यास मनाई आहे. ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम केले होते, त्यामुळे त्यांच्याकडे विषांचा तपशीलही चोख असतो.

हौशी शोधकाला अधिकार नसतो, हेच त्याचे भांडवल आहे. पोलीस दारात आले की माणसे जपून बोलतात. समोर शेजारची म्हातारी असली की स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभे राहून सगळे सांगून टाकतात. जी. के. चेस्टरटन यांचे फादर ब्राउन १९१० मध्ये अवतरले, ते बुटके, विसरभोळे आणि छत्री सांभाळता न येणारे. परंतु लोकांच्या पापांचे कबुलीजबाब ऐकण्यातच आयुष्य गेल्यामुळे गुन्हेगाराचे मन त्यांना आतून कळते. या युक्तीला मर्यादाही आहे. ‘मर्डर, शी रोट’ या अमेरिकी मालिकेतील लेखिका जेसिका फ्लेचर यांनी १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षे इतक्या खुनांचा छडा लावला की त्यांचे कॅबट कोव्ह हे चिमुकले गाव ओस कसे पडले नाही, याची थट्टा आजही होते. आमच्या पेठेत हे प्रमाण असते, तर गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला गणसंख्या भरली नसती.

मराठी विभागात मात्र निराशा होते, आणि तिचा दोष वाचनालयाला देता येणार नाही. आपले गाजलेले रहस्यनायक बहुधा धाडसी किंवा व्यावसायिक आहेत. खरा हौशी म्हणावा असा एक आहे, तो म्हणजे भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे. पुण्यात विद्याभवन शाळेत शिकणारा आणि सायकलवरून फिरणारा हा काटकुळा मुलगा वयाने लहान म्हणून दुर्लक्षिला जातो, आणि मार्पलबाई वयाने थोर म्हणून. दोघांचे काम त्या दुर्लक्षामुळेच साधते. फास्टर फेणेचा संच इथे आहे, पण तो बालविभागात, खालच्या खणात ठेवला आहे. तो रहस्याच्या कपाटात हलवावा, अशी सूचना मी दोनदा केली आहे.

आता तक्रार. श्रावणात नेलेल्या एका जुन्या इंग्रजी कादंबरीच्या ६३ व्या पानावर समासात, सुबक मराठी अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेले होते : ‘हाच तो. डॉक्टर.’ अजून दीडशे पाने उरली होती. त्या डॉक्टरने ओतलेला प्रत्येक चहा मी संशयाने पाहिला आणि शेवटी तो निर्दोष निघाला. संतापाच्या भरात मी मागच्या पानावरची परतीच्या तारखांची चिठ्ठी तपासली. तारखांपुढे सभासद क्रमांक लिहिण्याची इथे पद्धत आहे; त्यांतला एक क्रमांक कपाटातल्या आणखी तीन पुस्तकांत सापडला आणि तिन्हींत तसाच शेरा होता. भाची, वकील, धाकटा भाऊ, तिघेही निरपराध. हा पुरावा मी, खरे सांगायचे तर काहीशा ऐटीत, काकूंपुढे ठेवला. त्यांनी चष्माही वर केला नाही. ‘आजोबा आहेत एक. आजींशी पैज लागते, म्हणून अर्ध्यात आले की नाव लिहून ठेवतात. बरोबर आलं तर आजोबा स्वतः खोडतात. चुकलं की आजी खोडू देत नाहीत.’

म्हणजे या वाचनालयात पेन्सिलीने नाव राहिले, की तो माणूस सुटला. ही सोय कितीही मनोरंजक असली तरी वर्गणी भरून एक संशयित आधीच गमावणे मला पटत नाही, आणि पुस्तक परत आल्यावर ते चाळूनच कपाटात ठेवावे, असे मी काकूंना स्पष्ट सांगितले. त्यांनी ते मान्य करून टेबलाच्या खणात खोडरबर ठेवले आहे.

बाकी बाबी थोडक्यात सांगते. वर्गणी वाजवी आहे आणि अनामत परत मिळते. दुपारी वाचनालय बंद असते. नवी इंग्रजी पुस्तके उशिरा येतात : रिचर्ड ऑस्मन यांच्या, निवृत्तांच्या वसाहतीत खुनांचा छडा लावणाऱ्या चार ज्येष्ठांच्या २०२० मधल्या कादंबरीची इथे एकच प्रत आहे आणि तिच्यासाठी मला अडीच महिने थांबावे लागले. प्रतीक्षायादीतले बहुतेक जण स्वतः निवृत्त होते.

गेल्या आठवड्यात आणलेल्या पुस्तकात ५७ व्या पानाच्या समासात काहीतरी खोडलेले आहे. पान दिव्यासमोर धरले असता ‘माळी’ असे वाचता येते. ते आजोबांनी खोडले की काकूंनी, हे कळल्यावाचून पुढे वाचणे मला अवघड झाले आहे, आणि वाचनालय आता दुपारी चारनंतरच उघडेल.