म्युनिसिपल वेस्ट: हॅझर्डस म्युटेशन की आर्ट ऑफ पार्टींग?

नाव ऐकून घंटागाडी आठवते ना, पण हा कचरा म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या रिचमंडचा बँड आहे, क्रॉसओव्हर थ्रॅश वाजवणारा, म्हणजे मेटलचे रिफ (गिटारच्या परत परत येणाऱ्या धुना), हार्डकोर पंकचा वेग आणि वर नुसता टाइमपास. प्रश्न एवढाच, यांच्या या दोन अल्बमपैकी कुठला लावायचा?

२००५ चा हॅझर्डस म्युटेशन बघा, १५ गाणी आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत खल्लास, चहा गार व्हायच्या आत अल्बम संपतो. ड्रमवर डेव्ह विट आला आणि बँडला खरा दम आला, कव्हर चित्रकार एड रेप्काचं, म्हणजे ८० च्या दशकातला थ्रॅश ऐकणाऱ्यांना बघताक्षणी कळतं. टेरर शार्क, अनलीश द बास्टर्ड्स, गिल्टी ऑफ बीइंग टाइट, शेवटचं तर मायनर थ्रेट या हार्डकोर पंक बँडच्या गाण्याच्या नावाची सरळ सरळ खिल्ली आहे. पण खरं सांगू का, मधली तीनचार गाणी मला अजूनही एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत.

२००७ च्या आर्ट ऑफ पार्टींगमधे पण १५च गाणी, पण साउंड जाड, रिफ लक्षात राहतात. हेडबँगर फेस रिप ऐकताना मान आपोआप हलते, आणि बिअर प्रेशर, लंच हॉल फूड ब्रॉल, हे विषय बघा, कॉलेजच्या कँटीनमधली मारामारी सुद्धा यांना गाणं वाटते! सॅडिस्टिक मॅजिशियनमधे जोक थोडा काळपट होतो ते मला जास्त आवडतं. आणि शेवटी बॉर्न टू पार्टी, त्यातला तो शिवीवाला कोरस घरी स्पीकरवर लावू नका, हेडफोन घ्या.

निव्वळ वेग पाहिजे तर पहिला, पण मी आठवड्यातनं चारदा दुसराच लावतो.