डीबी नॅव्हिगेटर: ॲप उत्तम, पण गावाचं नाव कंसासकट वाचा

बेळगावातून जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांनी हे ॲप इथूनच मोबाईलवर घेऊन ठेवावं. जर्मन रेल्वेचं स्वतःचं ॲप आहे, इंग्रजीतही चालतं, फलाट आणि उशीर लगेच दाखवतं.

घात होतो तो नावांत. आपल्या बेळगावजवळची कंग्राळी बी.के. (बुद्रुक) आणि के.एच. (खुर्द) निदान शेजारी-शेजारी आहेत. तिकडं फ्रँकफुर्ट (माइन) आणि फ्रँकफुर्ट (ओडर) यांच्यात रेल्वेनं ५०० किलोमीटरहून जास्त अंतर! कंसातली नदी वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका. हाल्ले (झाले, म्हणजे Saale नदी) आणि हाल्ले (वेस्टफालेन) यांचंही तेच.

सगळ्यात फसवी जोडी फ्रायबुर्ग आणि फ्रायबेर्गची. १४५७ चं जुनं विद्यापीठ फ्रायबुर्गला, नैऋत्य टोकाला. खाणकामासाठी नावाजलेली १७६५ ची बेर्गअकाडेमी (हेही विद्यापीठच) फ्रायबेर्गला, सॅक्सनी राज्यात ड्रेस्डेनजवळ. त्यात नेकार नदीवर आणखी एक फ्रायबेर्ग आहेच. म्हणून प्रवेशपत्रावरचा पाच अंकी पिनकोड आधी बघा: ०९५९९ म्हणजे सॅक्सनीतलं, ७१६९१ म्हणजे नेकारवरचं, ७९ ने सुरू झाला तर फ्रायबुर्ग. मगच स्टेशन निवडा.

फ्रँकफुर्ट विमानतळावरही दोन स्टेशनं आहेत. लांबच्या आयसीई गाड्या फेर्नबानहोफवरून सुटतात, लोकल रेगिओनालबानहोफवरून.

तिकीट काढताना घाई नको. 'सुपर श्पारप्राइस' स्वस्त असतं खरं, पण ते ठरलेल्या गाडीलाच चालतं आणि रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. विमान उशिरा उतरण्याची शक्यता असेल तर 'फ्लेक्सप्राइस', म्हणजे एकाच गाडीला न बांधलेलं तिकीट घ्या.