मेल जात होती, येत नव्हती

आमचा छापखाना नारायण पेठेत. गणपतीआधीचे दिवस म्हणजे मंडळांचे अहवाल, पावतीपुस्तकं, जाहिरातींची प्रूफं. नेमकी तेव्हाच वेबसाइट नव्या कंपनीकडे हलवायची बुद्धी झाली (कंपनीचं नाव घेत नाही, वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत). शनिवारपासून बाहेरची एकही मेल नाही. पण काउंटरवरून आतल्या डीटीपीच्या मुलीला पाठवलेली लगेच पोचायची. त्यामुळे 'आमचं चालू आहे, तुम्हीच पाठवलं नसेल' असं दोन मंडळांच्या सेक्रेटरींना सुनावून बसलो.

सोमवारी पेरुगेटाजवळच्या, वेबसाइट-मेलची कामं करणाऱ्या या दुकानात गेलो. दुसरा मजला, लिफ्ट नाही. मुलाने काळ्या खिडकीत आमचं डोमेन टाइप केलं आणि म्हणाला, "काका, तुमचं एमएक्स रेकॉर्डच नाहीये." एमएक्स म्हणजे मेल कोणत्या सर्व्हरवर द्यायची ते सांगणारी नोंद. नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलताना कंपनीने वेबसाइटचा पत्ता भरला, मेलचा विसरली. बाहेरचा सर्व्हर आधी एमएक्स विचारतो. नसेल तर ए रेकॉर्ड (वेबसाइटच्या मशिनचा पत्ता) बघून वेबसाइटच्याच मशिनवर पोर्ट 25, म्हणजे मेलचं दार, ठोठावतो, आणि आमच्याकडे ते बंद. आतली मेल मात्र कुणाला काही न विचारता आमच्या मेलसर्व्हरवर पडते. तिथेच मी फसलो.

त्याने एमएक्सच्या दोन ओळी भरल्या, एकीला 10, दुसरीला 20. म्हटलं, वीसवाला मोठा, तो आधी ना? "उलटं, काका. लहान आकडा आधी. तो बंद असला तर वीस." आयपी (मशिनचा आकडी पत्ता) टाकून चालत नाही, सर्व्हरचं नावच लागतं, हेही तेव्हाच कळलं. एसपीएफची (आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारी) ओळही गळली होती, तीही त्याने न सांगता घातली. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) मागतं, म्हणजे आमची प्रूफं स्पॅममध्ये गेली असती ती वेगळीच.

लगेच काही झालं नाही. 'रेकॉर्ड नाही' हे उत्तरही सर्व्हर काही वेळ धरून ठेवतात म्हणे. संध्याकाळी सातनंतर मात्र शनिवारच्या मेली धडाधड यायला लागल्या. पाठवणारे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, म्हणून वाचलो.

घेतले 800 रुपये. पावतीच्या मागे सगळी रेकॉर्डं सुवाच्य अक्षरात लिहून दिली, ती कटिंग मशिनशेजारी चिकटवलीय. दुकानवाले फोन उचलत नाहीत, त्याचा रेटिंगमधला एक तारा कापला.

दोन्ही सेक्रेटरींना माफीचे फोन केले. एकाने उचलला.