जुना सेन्सर ‘कंपनीला पाठवायचा असतो’ म्हणाले आणि मी गप्प बसलो

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात राजापूरहून साडेतीनशे पेट्या हापूस भरून वाशीला निघालो होतो. चिपळूण सोडून परशुराम घाटाला लागलो आणि डॅशबोर्डवर पिवळी लाईट लागली. दोन वळणं चढेपर्यंत गाडीने पिकअप सोडला, तिसाच्या वर काटा जाईना. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धूर साफ करणारी यंत्रणा बिघडली की गाडी आपणहून ताकद कमी करते, मुद्दाम तशीच बनवलेली असते. रात्री अकरा वाजता दुसरी गाडी बोलावली, टॉर्चच्या उजेडात पेट्या एकेक करून त्यात भरल्या. भाडं त्याला गेलं.

दुसऱ्या दिवशी गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला नेली. स्कॅनर लावला, नॉक्स सेन्सर, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा पार्ट, गेलाय म्हणाले. वॉरंटीचे चौदा महिने बाकी होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण सर्व्हिस ॲडव्हायझर मला गाडीखाली घेऊन गेला. धूर साफ करायला ज्यातून युरियाचं पाणी फवारलं जातं, त्या नोझलच्या जोडाभोवती मिठासारखी पांढरी खडी जमली होती, ती त्याने नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवली. ‘‘शेठ, हे बघा. भेसळीचा युरिया वापरलाय तुम्ही. हे वॉरंटीत बसत नाही.’’

मी घाबरलो. शेतीचा युरिया पाण्यात कालवून बाल्ट्या विकणारे आहेत, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण मी पंपावरून सीलबंद बाल्टी घेत होतो, बिलंही होती. नंतर एका जाणत्या मेकॅनिकने समजावलं तेव्हा कळलं, की चांगल्या डीईएफमध्येही, म्हणजे गाडीत भरायच्या त्या युरियाच्या पाण्यातही, ३२.५ टक्के युरियाच असतो आणि बाकीचं शुद्ध केलेलं पाणी. ते जोडातून झिरपून सुकलं की पांढरी खडी राहणारच. खडी दिसली म्हणून भेसळ ठरत नाही. युरियाचं प्रमाण बरोबर आहे का ते रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या मोजायच्या यंत्रावर एक थेंब टाकला तरी कळतं. त्या दिवशी माझ्या टाकीतून एक थेंबसुद्धा कुणी काढला नव्हता.

सेन्सर आणि मजुरी मिळून ४६,८०० रुपये झाले. हंगाम चालू, गाडी उभी ठेवणं परवडणारं नव्हतं, भरले. बँकेतून भरले हे नशीब. हातात साधं छापील बिल दिलं, त्यावर जॉब कार्डचा, म्हणजे वर्कशॉपमधल्या कामाच्या नोंदीचा, नंबर नव्हता. निघताना मी म्हटलं, ‘‘जुना सेन्सर द्या, घरी ठेवतो.’’ तर म्हणाला, ‘‘तो कंपनीला पाठवायचा असतो.’’

खरा घोळ या वाक्यात होता. जुना पार्ट कंपनी परत मागते ती वॉरंटीत बदलला असेल तेव्हा. पैसे मोजून नवीन बसवला तर जुना माझा. मी पुढे एक शब्द विचारला नाही.

जूनमध्ये आंबा घाट चढून कोल्हापूरला माल घेऊन गेलो, तिथल्या दुसऱ्या सर्व्हिस सेंटरला ऑइल बदलायला थांबलो. त्या मुलाने चेसिस नंबर टाकला आणि सहज म्हणाला, ‘‘काका, तुमचा नॉक्स सेन्सर एप्रिलमध्येच वॉरंटीत बदललाय की.’’ मी स्क्रीन वळवून बघितली. तीच तारीख, तेच वर्कशॉप. म्हणजे माझ्याकडूनही पैसे घेतले आणि कंपनीकडूनही. त्या मुलाने प्रिंट काढून दिली, त्याचे उपकार विसरणार नाही.

बिल, बँकेची नोंद आणि ती प्रिंट जोडून कंपनीला मेल केला, शिवाय स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं. वर्कशॉपचं पहिलं उत्तर आलं, की गाडी कमर्शियल आहे, ग्राहक कायदा लागत नाही. हे ऐकून खूप जण माघार घेतात. २०१९ च्या कायद्यात स्पष्ट आहे, की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कामासाठी धरत नाहीत. माझी एकच गाडी, चालवतो मीच. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. मी रत्नागिरीला जाण्याची तयारी केली होती.

याच काळात हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने गळ घातली होती, की युरियाची यंत्रणा नीट चालू आहे असं गाडीला भासवणारी एक डबी बसवतो, युरियाची कटकटच बंद. भावांनो, त्या नादाला अजिबात लागू नका. वॉरंटी तर जातेच, वर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली मालकालाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. मी डबी बसवली असती तर माझी तक्रार पहिल्याच दिवशी निकालात निघाली असती.

वॉरंटीत बसत नाही असं कुणी म्हणालं तर कारण कागदावर लिहून मागा, सहीशिक्क्यासह. युरियाला दोष दिला तर तुमच्यासमोर टाकीतून नमुना काढायला लावा. जॉब कार्डचा फोटो गाडी आत जाण्याआधी काढा. आणि पैसे भरले असतील तर जुना पार्ट घेतल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नका.

पत्र गेल्यावर पाचव्या आठवड्यात वर्कशॉपच्या मॅनेजरचा फोन आला. पूर्ण ४६,८०० परत केले. सोबत एक टाइप केलेला कागद पुढे केला, ‘माझी कोणतीही तक्रार नाही आणि नव्हती’ असा. मी ‘नव्हती’ वर काट मारली, खाली ‘रक्कम मिळाली’ एवढंच लिहिलं आणि तेवढ्यावर सही केली.