बोटीच्या ट्रेलरवर कार्पेटऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्या, वापरून कशा वाटल्या

ऑकलंडला आपल्यापैकी ज्यांच्याकडे ट्रेलरवरची छोटी ॲल्युमिनियमची बोट आहे त्यांच्यासाठी लिहितोय. मी ट्रेलरवर बोट ज्यावर टेकते ती कार्पेट लावलेली लाकडं काढून पॉलिएथिलीनच्या जाड पट्ट्या बसवल्या आणि मधल्या कण्याखालचे काळे रबरी रोलर बदलून पॉलियुरेथेनचे टाकले. अख्खा उन्हाळा वापर झालाय आणि मी जाम खूश आहे.

बोट पाण्यात कमी आणि ट्रेलरवरच जास्त असते, म्हणून तळाची खरी काळजी तिथेच घ्यायला हवी. कार्पेट हाताला मऊ लागतं पण खारं पाणी धरून ठेवतं, त्यात वाळू अडकते, आणि आतलं लाकूड कुजू नये म्हणून त्याला बऱ्याचदा तांबं असलेलं औषध मारलेलं असतं. तांबं, मीठ आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकत्र राहिलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आधी पांढरी पावडर दिसते आणि ती पुसली की खाली बारीक खड्डे. घरी येऊन कितीही होज मारा, बोट वर बसलेली असताना कार्पेट आणि तळाच्या मधल्या फटीत गोडं पाणी नीट पोचतच नाही. पट्टी पाणी शोषत नाही, धुतली की काम झालं.

रोलरचं म्हणाल तर काळं रबर तळाला डाग पाडतं, शिवाय एकाच जागी वजन राहून चपटं होतं, आणि फारच झिजलं की बाजूचं लोखंडी ब्रॅकेट थेट बोटीला घासतं. पॉलियुरेथेनचे रोलर डाग पाडत नाहीत आणि गोल राहतात.

आता न आवडलेलं. किटमधले स्क्रू साधे झिंकवाले निघाले, खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या 316 स्टेनलेसचे वेगळे घ्यावे लागले, एवढी किंमत घेतल्यावर हे बरोबर नाही. स्क्रूचं डोकं पट्टीत खोल बुडलंच पाहिजे, जरा जरी वर राहिलं तर तेच तळाला ओरखडे काढणार. आणि भोकं लांबट ठेवा कारण हे प्लास्टिक उन्हात बरंच वाढतं, घट्ट गोल भोकात ते फुगून वाकतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या पट्ट्या भयंकर निसरड्या आहेत!! कार्पेटवर बोट अडून राहते तशी इथे राहत नाही, रॅम्पच्या उतारावर विंचचा (बोट ओढून धरणाऱ्या चरखीचा) पट्टा आणि सेफ्टी चेन आधीच सोडली तर बोट सरळ काँक्रीटवर जाईल, त्यामुळे मागचा भाग तरंगायला लागेपर्यंत हात लावायचा नाही, आणि बरोबर कोणी नवीन माणूस असेल तर त्याला हे घरूनच सांगून ठेवा.

फायबरच्या बोटीला एवढ्या खर्चाची घाई नाही, चांगलं कार्पेट चालतं. फक्त आधाराची लाकडं मागे ट्रान्समपर्यंत (इंजिन लागतं त्या मागच्या सपाट भिंतीपर्यंत) पोचतात का ते वाकून बघा, आखूड असतील आणि इंजिनाचं वजन अधांतरी लटकत असेल तर तळाला कायमचा बाक येऊ शकतो, तिथे पैसे आधी घाला.